पान अळवाचे, यंत्र दोनापावलाचे

पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याही घराच्या मागच्या दारी जा, विहिरीकडे अळू माजलेले असते. सकाळी पानावर पाण्याचा टपोरा थेंब असतो. पान जरा हलवले की तो पाऱ्यासारखा पळतो आणि मागे ओलसर रेघसुद्धा ठेवत नाही. मी २७ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आहे आणि दर जुलैत आठवीच्या वर्गात कुणीतरी विचारतेच, की सर, अळवाच्या पानाला पाणी का चिकटत नाही? पानावर मेणाचा थर असतो, असे मी सांगतो. उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. मेणबत्तीही मेणाचीच असते, तरी तिच्यावर थेंब असा धावत नाही. राहिलेले अर्धे उत्तर पानाच्या पृष्ठभागाच्या घडणीत आहे. तिथे डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात, उंचवट्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक कण असतात, त्यांच्या फटींमध्ये हवा अडकते आणि थेंब पानापेक्षा त्या हवेवरच जास्त टेकलेला असतो. हे कण शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येत नाहीत. ती मर्यादा प्रकाशाच्या लहरींचीच आहे, भिंगाची किंमत वाढवून ती ओलांडता येत नाही. तिथे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनने पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

आणि तो गोव्यात आहे. पणजीजवळ दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रतळाच्या गाळातली सूक्ष्म कवचे अशाच यंत्राखाली पाहतात. माझ्या शाळेपासून तिथवर गाडीने साधारण दीड तास. कोटींच्या घरातले हे यंत्र कुठल्याही शाळेने विकत घ्यावे असे कुणी म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. अशा यंत्राचे सुकाणू आठवड्यातून काही तास शाळकरी मुलाच्या हाती, त्याच्या वर्गातल्या संगणकावर द्यावे. आणि द्यायचे तर ते खरोखर द्यावे.

यात तंत्राचे अप्रूप फारसे उरलेले नाही. यंत्राच्या शेजारी बसलेला शास्त्रज्ञही नमुन्याकडे थेट पाहत नसतो. नमुना निर्वात पेटीत बंद असतो, आणि माणूस माऊस-कीबोर्डने तो सरकवत, जवळ आणत, पडद्यावरची करडी प्रतिमा पाहत असतो. तो माऊस तीन फुटांवर असला काय नि पन्नास किलोमीटरवर असला काय, यंत्राला फरक पडत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९९६ मध्ये कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाची २१ दिवसांची वाढ एमआरआय यंत्राने शाळांना दुरून पाहू दिली. १९९९ मध्ये त्याच विद्यापीठाने 'बगस्कोप' सुरू केला. शाळेने आपल्या परिसरातले मेलेले किडे टपालाने पाठवायचे, तिथले लोक ते यंत्रात लावणार, आणि ठरलेल्या वेळी वर्गातली मुले ब्राउझरमधून यंत्र चालवणार. मुंगीचा डोळा, माशीचा पाय, जे हवे ते. शाळेला पैसे पडत नसत. १९९९ मधली इंटरनेटची जोडणी आठवून पाहा. तेव्हा जे शाळांना जमले, त्याला आज गोव्यात 'रेंज नसते' हे कारण पुरेसे नाही. सत्तरी-सांग्यातल्या मुलांना टाळेबंदीत अभ्यासासाठी डोंगर चढावे लागले, हे मी विसरलेलो नाही. पण तिथे प्रत्येक मुलाला वेगळा फोन आणि वेगळी जोडणी लागत होती. इथे अख्ख्या वर्गाला एकच जोडणी लागते.

'खरोखर द्यावे' हे शब्द मी जाणून वापरतो, कारण उलटा अनुभव घेतलेला आहे. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने आमच्या शाळेसाठी असेच एक ऑनलाइन सत्र ठेवले होते. आठवडाभर मुले हुरळून गेली होती. काड्यापेट्यांमधून वाळवीचे पंख आले, काजूच्या मोहोराची धूळ आली, चिऱ्याचा तुकडा आला, एकाने बांगड्याचा खवला धुऊन कागदात गुंडाळून आणला. सत्राच्या दिवशी कळले की नमुने त्यांचे ते ठरवणार, यंत्र त्यांचे ते चालवणार, आम्ही पाहायचे. चाळीस मिनिटे पडद्यावर सुंदर चित्रे येत-जात राहिली आणि मागून इंग्रजीत माहिती चालू होती. शेवटी 'प्रश्न विचारा' म्हटल्यावर वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एका मुलीने मला हळूच विचारले, "सर, हें आदींच काडून दवरिल्लें काय?" म्हणजे हे आधीच काढून ठेवलेले होते काय?

नव्हते. सगळे त्याच क्षणी घडत होते. पण ते थेट होते की महिन्यापूर्वीचे, हे ओळखायला तिच्याकडे काहीच साधन नव्हते. तिने 'डावीकडे न्या' म्हणावे आणि चित्र डावीकडे जावे, एवढे एकदा घडले असते तरी पुरले असते. काड्यापेट्या कपाटात राहिल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली, मग मीच त्या टाकल्या, आणि टाकताना फार वाईट वाटले.

त्या दिवसापासून मी एक कसोटी धरून चाललो आहे. मुलाला या यंत्रावर चूक करता येते का? प्रतिमा धूसर करता येते का, नमुन्याच्या कडेवरून घसरून नुसत्या काळ्या पोकळीत जाता येते का, नको तिथे जवळ जाऊन 'अरे, कुठे आलो' असे म्हणता येते का? येत असेल तर ते साधन आहे. येत नसेल तर तो सिनेमा आहे, मग त्याला नाव काहीही द्या.

याच कसोटीवर मला आभासी प्रयोगशाळा, म्हणजे संगणकावर प्रयोगाची नक्कल करून दाखवणाऱ्या, तोकड्या वाटतात. त्यांना मी नावे ठेवत नाही. अमृता विश्वविद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी केलेले 'ओलॅब्स' मी दहावीच्या वर्गात वापरतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी जोडणी समजावून द्यायला ते उत्तम आहे. देशभरच्या अभियांत्रिकी संस्थांनी मिळून 'व्हर्च्युअल लॅब्स' उभ्या केल्या आहेत, २०२०च्या शैक्षणिक धोरणातही आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख आहे. पण अनुकरणातला लंबक नेहमी पुस्तकातल्या सूत्राप्रमाणेच झुलतो, कारण तो सूत्रातूनच जन्मलेला असतो. त्याला वाऱ्याची झुळूक लागत नाही, दोरा सैल होत नाही. मुलाच्या हाती शेवटी तेच पडते जे कुणीतरी आत घालून ठेवले होते.

खऱ्या यंत्राकडून काय मिळते, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी पदार्थासमोर किरण मोजणारा एक गायगर गणक बसवलेला होता, आणि अमेरिकेतली शाळकरी मुले तो इंटरनेटवरून मागे-पुढे सरकवून अंतराप्रमाणे किरण किती कमी होतात ते मोजत. अशी वस्तू शाळेत ठेवता येणार नाही, हे उघड आहे. पण त्या प्रयोगातली खरी गंमत सुरक्षिततेत नाही. त्याच अंतरावर तीनदा मोजले तर तीन वेगळे आकडे येतात. सरासरी शंभर येत असेल, तर एखाद्या वेळी नव्वद, एखाद्या वेळी एकशे आठ. 'सर, यंत्र बिघडले' असे मूल म्हणते, आणि शिक्षकाला सांगावे लागते की यंत्र ठीक आहे, निसर्गच असा आहे. शंभराच्या आसपास दहाएकाचा फरक पडणे हा त्याचा स्वभाव आहे. आकडे हेलकावतात, म्हणून पुन्हापुन्हा मोजायचे असते. ही गोष्ट मी फळ्यावर कितीही वर्षे लिहिली तरी मुलांच्या अंगी लागत नाही. समोर आकडा हलताना पाहिला की लागते.

'हात न लावता केलेला प्रयोग कसला?' असे एक ज्येष्ठ सहकारी मला नेहमी म्हणतात. त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि आठवीपर्यंतच्या मुलाने आधी हाताने करावे, काच फोडावी, बोटे काळी करावीत, याबद्दल आमच्यात मतभेद नाही. पण आजचे विज्ञान बरेचसे दुरूनच चालते, हेही मुलांना कळायला हवे. लडाखमध्ये हान्ले इथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण (शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) आहे. तिच्यातून वेध घेणारे खगोलशास्त्रज्ञ बंगळूरजवळच्या होसकोटेला बसलेले असतात, मध्ये उपग्रहाचा दुवा असतो. वास्कोजवळ हेडलँड सड्यावरच्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचा तर सगळा संसारच दूरवरचा आहे. अंटार्क्टिकातली मैत्री आणि भारती ही स्थानके इथून सांभाळली जातात, आणि तिथून आणलेले बर्फाचे गाभे, म्हणजे खोलवर भोक पाडून काढलेले बर्फाचे दांडे, वास्कोत उणे २० अंशांच्या खोल्यांत ठेवलेले आहेत, जिथून चालत गेले तर घाम फुटणारा समुद्रकिनारा आहे. जगभरच्या महासागरांत चारएक हजार आर्गो तरंगयंत्रे फिरत आहेत. ती दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलवरून वर येतात, वाटेत तापमान आणि खारेपणा मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. त्यांची माहिती कुणालाही खुली आहे. त्यातल्या बहुतेक यंत्रांना पाण्यात सोडल्यानंतर पुन्हा माणसाचा हात लागत नाही.

पण हात आणि दूरचे यंत्र यांची सांगड कशी घालायची, याचे उत्तर मला एका बांबूने दिले.

मांडवीच्या तोंडाशी, पणजीच्या समोर वेरे इथे समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवले आहे, आणि त्याचा आलेख इंटरनेटवर पाहता येतो. भरतीचे पाणी मांडवीतून साधारण पन्नास किलोमीटर आत, गांजेपर्यंत चढते. आमची काही मुले त्याच बाजूची. एका जानेवारीत, नदी निवळलेली असताना, आम्ही एका बांबूवर दर दहा सेंटीमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि तो काठाजवळ रोवला. सुट्टीचा दिवस होता. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत मुलांनी आळीपाळीने दर अर्ध्या तासाने पातळी टिपली. एकीची आजी डबा घेऊन आली आणि भरती-सुकतीचे (सुकती म्हणजे ओहोटी) आपले आडाखे सांगत तासभर तिथेच बसली. त्यांच्या घराण्याकडे पूर्वी खाली दिवाडीकडच्या खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, मानशीचे म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे काम होते. मानशीचे दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि सुकतीला उघडते, हे तिने मुलांना हाताच्या दोन तळव्यांनी करून दाखवले. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आमचा आलेख आणि वेरेचा आलेख एकाखाली एक काढला. आमची भरती वेरेच्या नंतर आली होती. समुद्राची लाट नदीतून वर चढायला वेळ घेते, हे मुलांनी स्वतः शोधले, मी काही बोललो नाही.

आणि मग एका मुलाच्या लक्षात आले की दुपारनंतरचे आमचे सगळे आकडे वितभर वर सरकलेले आहेत. वेरेचा आलेख गुळगुळीत उतरत होता, आमच्या आलेखात पायरी होती. बराच खल झाला. शेवटी दोघेजण सायकलने काठावर जाऊन आले. बांबू चिखलात रुतला होता. वेरेचे यंत्र नसते तर ही चूक कधीच सापडली नसती, आणि बांबू नसता तर वेरेच्या आलेखाकडे कुणी ढुंकून पाहिले नसते. दूरचे यंत्र शाळेच्या प्रयोगशाळेची जागा घेणार, या भीतीला माझे हे उत्तर आहे. बांबू आधी हवा. ज्या शाळेने बांबू रोवलेला नाही, तिला यंत्र देऊन उपयोग नाही.

'आधी शाळांच्या साध्या प्रयोगशाळा नीट करा, मग हे चोचले,' असे म्हणणाऱ्यांना मी म्हणूनच अर्धा होकार देतो. आपल्याकडे प्रयोग न करता जर्नल पूर्ण होते, हे पालकांना ठाऊक नसले तरी आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. कपाटात चार सूक्ष्मदर्शक असतात, त्यातल्या दोनांचे आरसे हललेले असतात. ते दुरुस्त करायला कोटी लागत नाहीत. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पुढे आणलेला कागदी फोल्डस्कोप तर १४० पटीने मोठे दाखवतो आणि खिशात मावतो. अळवाचे पान आधी त्याखाली पाहायचे, जे दिसते ते वहीत काढायचे, जिथे दिसणे थांबते तिथे प्रश्न लिहायचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे त्या प्रश्नासह जायचे. माझा नकार आहे तो 'मग' या शब्दाला. प्रयोगशाळा नीट होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर आज आठवीत असलेली मुले तोवर नोकरीला लागलेली असतील. दोन्ही बरोबरच चालायला हवे. दोनापावलाला नमुना पाठवायचा आहे म्हटल्यावर कपाटातला सूक्ष्मदर्शक आपोआप बाहेर निघतो, हाही अनुभव आहे.

सहल काढा, मुलांना संस्थेतच घेऊन जा, गोवा केवढा तो, असेही सुचवले जाते. सहली काढाव्यातच. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या 'जिज्ञासा' उपक्रमातून २०१७ पासून विद्यार्थी प्रयोगशाळांत जातात, त्याचे मला अप्रूप आहे. पण सहल एकदाच होते. एका दालनात पन्नास मुले, दारात घाई, बाहेर बसचा हॉर्न. नमुन्याकडे दुसऱ्यांदा जाता येत नाही, आणि विज्ञानाची सुरुवात बहुधा दुसऱ्या वेळी होते. पहिल्यांदा पाहून मूल 'आयशॅट!' म्हणते. घरी जाऊन रात्री त्याला सुचते, की पान अंगठ्याने चोळले तर ते कण जातील का? मी हा प्रयोग वर्गात करतो. अर्धे पान चोळले की त्या अर्ध्यावर थेंब पसरतो, उरलेल्या अर्ध्यावर अजून पळतो. आता दोन्ही अर्धी पाने यंत्राखाली शेजारी शेजारी ठेवायला हवीत. ही मागणी मुलाची आहे, आणि ती सहलीनंतर चार दिवसांनी आलेली आहे. दुरून चालणारे यंत्र अशा दुसऱ्या भेटीसाठी हवे.

परदेशातली यंत्रे खुली असताना आपली कशाला, या प्रश्नाचे उत्तर घड्याळात आहे. आमची शाळा सकाळी आठ ते दीड. आम्ही दहा वाजता बगस्कोपसारखे काही लावायचे म्हटले, तर इलिनॉयमध्ये रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. कुणी कशाला यंत्राशी बसून राहील? मेलेला किडा विमानाने पाठवायचा तर तो कस्टममधून जाणार. दुर्बिणींच्या बाबतीत मात्र हेच घड्याळ आपल्या बाजूने आहे. ब्रिटनमधल्या शाळांसाठी उभारलेली दोन मीटरची फोक्स दुर्बीण हवाई बेटांपैकी माउई बेटावर आहे, आणि गोव्यात सकाळचे ११ वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. म्हणजे आमच्या शेवटच्या तीन तासिकांत तिथे काळोख असतो. जून ते सप्टेंबर आपले आकाश ढगांनी झाकलेले, इथली वेधशाळाही तेव्हा काय करणार! अशा वेळी दुपारच्या तासाला दूरच्या दुर्बिणीतून तारकागुच्छ पाहता येणे ही सत्तरीतल्या मुलासाठी लहान गोष्ट नाही. सूक्ष्मदर्शकासाठी आपले, दुर्बिणीसाठी जगाचे, अशी वाटणी मला योग्य वाटते.

मागणी नेमकी सांगायला हवी, नाहीतर सगळे माना डोलावतात आणि काही होत नाही. दोनापावला, ताळगावचे विद्यापीठ, झुआरीनगर, फर्मागुढी या ठिकाणच्या संस्थांपैकी एखादीने आठवड्यातला एक अर्धा दिवस एक यंत्र शाळांसाठी ठेवावे. गोव्यात बारा तालुके आहेत. सुरुवातीला तालुक्यातून एक शाळा, आणि त्या शाळेला वर्षातून तीन बैठका, त्याच मुलांना, त्याच नमुन्यावर किंवा त्यातून निघालेल्या पुढच्या नमुन्यावर. शंभर शाळांना एकेक बैठक दिली, तर छायाचित्रे आणि अहवाल छान होतील. मला बारा शाळांच्या तीन-तीन बैठका हव्यात. नमुने कदंबच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बसने पाठवता येतील, अळवाचे वाळलेले पान आणि वाळवीचा पंख खराब होत नाहीत. महागडी यंत्रे देशभरच्या संशोधकांना वाटून वापरता यावीत म्हणून २०२० मध्ये 'आय-स्टेम' हे पोर्टल सुरू झाले. तोच विचार आणखी एक पायरी खाली, शाळेपर्यंत आणायचा आहे. सहावी ते आठवीला कोडिंग आणि रोबोटिक्स नेण्यासाठी राज्याने योजना आखली, संगणक आणि प्रशिक्षित शिक्षक दिले. त्याच खोलीत, त्याच संगणकावर हे होऊ शकते.

पैसा लागेल तो मुख्यतः एका माणसासाठी. यंत्राच्या बाजूला बसणारा, नमुना धातूच्या लहान चकतीवर चिकटवणारा, त्यावर काही नॅनोमीटरचा सोन्याचा थर चढवणारा, आणि मुलाने माऊस भलतीकडे नेला तर लगेच हात न घालता थोडे थांबणारा माणूस. त्याला कोंकणी आणि मराठी बोलता आली पाहिजे. ही अट मी सजावट म्हणून घातलेली नाही. आमच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीत झालेले असते, घरी ती कोंकणी बोलतात, पाठ्यपुस्तक पुढे इंग्रजीत असते. इंग्रजीत ती उत्तर देऊ शकतात, पण शंका त्यांना इंग्रजीत येत नाही. 'रंग का नाय दिसत?' असे एखादा पुटपुटतो, तेव्हा 'कारण तू प्रकाशाने नाही, इलेक्ट्रॉनने पाहतो आहेस' हे त्याच क्षणी, त्याच भाषेत सांगणारे कुणीतरी दुसऱ्या टोकाला हवे. संशोधकाचा शाळांसाठी गेलेला वेळ त्याच्या कामात धरला जावा, हेही त्याबरोबरच. नाहीतर पहिली दोन वर्षे उत्साहाने चालते, पुढे तो माणूस बदलून जातो आणि सगळे थांबते.

आता आम्हा शिक्षकांबद्दल. खरी अडचण इथे आहे, आणि ती पैशाने सुटणारी नाही. असे यंत्र वर्गात आले की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी असे काही विचारते ज्याचे उत्तर शिक्षकाकडे नसते. पडद्यावर एक खाच दिसते, एक केस दिसतो, कसलातरी गोळा दिसतो. धूळ आहे की अवयव? मला ठाऊक नसते. पहिल्या वेळी माझ्या तळहाताला घाम आला होता. आम्हाला बी.एड.मध्ये उत्तरे द्यायला शिकवले, उत्तर नसताना वर्गासमोर उभे कसे राहायचे हे कुणी शिकवले नाही. त्यात अभ्यासक्रम पुरा करायची तलवार, चाळीस मिनिटांचा तास, आणि मुख्याध्यापकांचा रास्त प्रश्न, की याला गुण किती? म्हणून प्रशिक्षण द्यायचे असेल तर शिक्षकाला बटणे शिकवू नका, ती मुले त्याला पाच मिनिटांत शिकवतील. शिक्षकाने स्वतःचा एक प्रश्न घेऊन यावे आणि संस्थेत दोन दिवस यंत्रावर बसून त्यामागे लागावे. चुकावे, पुन्हा नमुना लावावा. ज्याने एकदा 'मला ठाऊक नाही, पाहूया' म्हणून खरोखर पाहिलेले आहे, त्याला वर्गात तसे म्हणायला लाज वाटत नाही. आणि शाळेने त्या तीन बैठकांना अंतर्गत मूल्यमापनात जागा द्यावी. गुण लहान असले तरी चालतील, पण त्याशिवाय मार्चमध्ये या गोष्टीला उभे राहायला जागा मिळत नाही.

ती मागच्या बाकावरची मुलगी आता दहावीत आहे. गेल्या जुलैत तिने अळवाचे एक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवले, मग लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटात घालून माझ्याकडे दिले. यंत्र मिळाले की पाठवायला. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. वर पेन्सिलीने लिहिले आहे : 'विहिरीकडचे अळू. १४ जुलै, सकाळी ७. डावे अर्धे चोळलेले, उजवे न चोळलेले. उजव्या बाजूला बोट लावू नये.'